पहिला सीटी नॉर्मल, दुसऱ्या दिवशी एमआरआयमध्ये स्ट्रोक. मग पहिल्यांदा बघितलं काय?

वळणरस्ता | सोमवार, रात्री १०:४२

नेहमी वाचनमात्र असतो, आज लिहायची वेळ आली. जरा लांबेल.

मागच्या बुधवारी सकाळी सव्वासातला बाबा (६८, बीपीची गोळी चालू, बाकी ठणठणीत) शर्टाची बटणं लावत होते. बराच वेळ झाला म्हणून डोकावलो तर तिसऱ्या बटणावर अडकलेले. उजव्या हाताची बोटं बटणापर्यंत पोचत होती, पण चिमूट बसत नव्हती. "हात झोपलाय," म्हणाले, तेही तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखं. ओठांचा उजवा कोपरा किंचित खाली.

आठ वाजता हॉस्पिटलात होतो. सव्वाआठला सीटी. सोबत डाय टोचून मानेच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा अँजिओही केला. साडेआठला सांगितलं, "सीटी नॉर्मल आहे, रक्तस्राव नाही, मोठी रक्तवाहिनी कुठे बंद नाही." मी सुटकेचा श्वास टाकला. ॲडमिट केलं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू केल्या. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचं विचारलं तर उत्तर, "त्याची वेळ गेली."

दुसऱ्या दिवशी दुपारी एमआरआय. त्यात डाव्या बाजूला, इंटर्नल कॅप्सूल म्हणतात त्या मेंदूतल्या खोल पट्ट्याजवळ, १४ मिमीचा ताजा इन्फार्क्ट, म्हणजे रक्ताविना मेलेला भाग. म्हणजे स्ट्रोकच.

आता माझे प्रश्न. १४ मिमी काही मोहरीएवढं नाही, मग आदल्या दिवशीच्या सीटीत ते कुणाला दिसलं कसं नाही? एमआरआयला दिसतं तर आधी एमआरआयच का नाही केला? आणि पाऊण तासात पोचलो तरी वेळ गेली कशी? बाबा सावरताहेत, पण सही अजून जमत नाही. डोक्यातून जात नाहीये हे.

काळापांढरा | सोमवार, रात्री ११:३०

बाबांना लवकर आराम पडो. मी रेडिऑलॉजीत आहे, फिल्म न बघता बोलतोय हे धरून वाचा.

बहुधा कुणाच्या नजरेतून काही सुटलेलं नाही. सव्वाआठला त्या सीटीत दिसण्यासारखं काही तयारच झालेलं नसणार.

सीटी घनता मोजतो. पाण्याला शून्य, हवेला उणे १०००, अशी मोजपट्टी असते. मेंदूचा करडा भाग या पट्टीवर साधारण ३५ ते ४०, पांढरा २५ ते ३०. आमचं सगळं वाचन या दहाएक आकड्यांच्या फरकावर चालतं. ताजं, गोठू लागलेलं रक्त ६० ते ८०, म्हणून रक्तस्राव पहिल्या मिनिटापासून पांढराशुभ्र उठून दिसतो. रक्तपुरवठा तुटलेल्या भागाचं तसं नाही. तिथे हळूहळू पाणी साठतं, आणि ऊतीतलं पाणी एक टक्क्याने वाढलं तर घनता जेमतेम अडीच आकड्यांनी उतरते. ते डोळ्याला कळायला कित्येक तास लागतात. त्यातून जागा इंटर्नल कॅप्सूल, म्हणजे मुळातच काळपट पट्टा. काळ्यात थोडं जास्त काळं शोधायचं.

मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर लवकर खुणा मिळतात. इन्सुला नावाच्या घडीची करडी किनार पुसट होते, लेंटिफॉर्म न्यूक्लियस या आतल्या करड्या गाठीच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात, कधी गुठळीच रक्तवाहिनीत पांढऱ्या काडीसारखी दिसते. मेंदूच्या मधल्या धमनीच्या प्रदेशाचे दहा भाग पाडून जिथे खूण दिसेल तिथे एकेक गुण वजा करायची पद्धत आहे, तिला ॲस्पेक्ट्स म्हणतात. दहापैकी दहा म्हणजे अजून काही दिसत नाही. स्ट्रोक नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

एक कबुलीही देतो. आज एमआरआय शेजारी ठेवून तो सीटी उघडला तर कदाचित मलाही त्या जागी काहीतरी "दिसेल". उत्तर माहीत असलं की कोडं सोपं होतं. त्या भरवशावर कुणाला दोष देऊ नये, असं मी स्वतःलाही बजावतो.

शंकासुर | सोमवार, रात्री ११:५१

म्हणजे ज्या तपासणीत स्ट्रोक दिसत नाही ती स्ट्रोकसाठी पहिली करायची? वा.

रात्रपाळी | मंगळवार, पहाटे ३:१०

शंकासुर, नावाला जागलात. :)

(कॅज्युअल्टीत आहे, मध्ये थोडी उसंत मिळाली.)

स्ट्रोक शोधायला आम्ही पहिला सीटी काढतच नाही. स्ट्रोक आहे हे आम्ही पेशंटकडे बघून ठरवतो: अचानक सुरुवात, एका बाजूचा हात, तोंड, बोलणं, आणि मेंदूतल्या एखाद्या जागेशी जुळणारी लक्षणं. सीटीला एकच प्रश्न विचारायचा असतो, की रक्त आहे का? गुठळी अडकली असेल तर ती विरघळवायचं औषध द्यायचं, आणि रक्तवाहिनी फुटली असेल तर तेच औषध जीव घेऊ शकतं. बाहेरून दोन्ही पेशंट हुबेहूब सारखे दिसू शकतात. उलटी, डोकेदुखी, २२० बीपी यावरून अंदाज बांधणारे भलेभले तोंडघशी पडलेले पाहिलेत, त्यात मीही आहे. म्हणूनच घरच्या घरी ॲस्पिरिन देऊ नका म्हणतो. सीटी व्हायच्या आधी ते बरं करेल की बुडवेल हे कुणालाच माहीत नसतं.

तेव्हा वळणरस्ता, तुम्हाला "नॉर्मल" ऐकून सुटल्यासारखं वाटलं. आम्हाला अशा पेशंटचा नॉर्मल सीटी मिळाला की आम्ही इंजेक्शनची तयारी करायला धावतो.

आता वेळेचं. इंजेक्शनचा काटा लक्षण दिसल्यापासून चालू होत नाही. पेशंटला शेवटचं धडधाकट कुणी आणि कधी पाहिलं, तिथून तो चालू होतो. बाबा उठले तेव्हाच हात तसा होता का? रात्री झोपायला किती वाजता गेले?

गॅन्ट्री | मंगळवार, सकाळी ८:०५

सीटी-एमआरआयवर टेक्निशियन म्हणून बरीच वर्षं काढलीत. "आधी एमआरआयच का नाही" या प्रश्नाला मशीनच्या बाजूचं उत्तर देतो.

डोक्याचा साधा सीटी मोजून काही सेकंदांचा. पेशंट टेबलावर घ्यायला जास्त वेळ लागतो. एमआरआयचा छोटा, स्ट्रोकपुरता प्रोटोकॉल ठेवला तरी काही मिनिटं निश्चल पडून राहावं लागतं, आणि त्याआधी धातूची चौकशी. पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतली जुनी क्लिप, ग्राइंडिंगच्या कामात डोळ्यात गेलेला कण. आता ही चौकशी ज्याची वाचा गेलीय त्याच्याकडून करून बघा. एक आजोबा आठवतात. "छातीत मशीन बसवलंय?" "हो." "डोक्याचं ऑपरेशन?" "हो." मला शंका आली म्हणून विचारलं, "तुमचं नाव हो आहे का?" "हो." एवढा एकच शब्द उरला होता त्यांच्याकडे. नातेवाईक पार्किंगमध्ये. शेवटी सीटीवरच छाती बघितली, पेसमेकर नव्हता.

काही मोठ्या केंद्रांत पहिल्यापासून एमआरआयच करतात आणि झटपट करतात. पण त्यासाठी मशीन कॅज्युअल्टीला लागून हवं आणि चोवीस तास माणूस हवा.

अवांतर: सीटीवर पहिला पेशंट घेतला तो १ ऑक्टोबर १९७१ला, लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात, आणि तोही मेंदूचाच. सीटी बनवणारे हाउन्सफील्ड तेव्हा ईएमआयमध्ये इंजिनिअर होते, बीटल्सच्या रेकॉर्ड काढणारी तीच कंपनी. बीटल्सच्या पैशावर सीटी जन्माला आला ही गोष्ट आमच्यात चवीने सांगतात, पण ब्रिटिश आरोग्य खात्याचा पैसाही त्यात होता. ते चित्र ८० बाय ८० चौकोनांचं होतं. आजच्या फोनवरचा आयकॉनही त्याहून बारीक असतो. १९७९ला हाउन्सफील्डना नोबेल मिळालं.

मधली_ओळ | मंगळवार, सकाळी ९:२०

माझ्या मावशीची हीच सुरुवात होती. डावा हात-पाय गळाला, जीभ जड. स्ट्रोक म्हणून धावपळ करत नेलं. दारातच सिस्टरने बोटाला सुई टोचली, साखर ३८! शिरेतून ग्लुकोज गेलं आणि सीटीच्या टेबलावर चढवेपर्यंत हात वर. रात्री इन्सुलिन घेऊन जेवलीच नव्हती. एवढ्या मशिनी, आणि निदान केलं एका पट्टीने.

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ९:४४

मधली_ओळ, +१. इंजेक्शन देण्याआधी प्रत्येकाचा जो एकच रक्ताचा आकडा हातात हवाच असतो, तो साखरेचा. बाकीच्या रिपोर्टसाठी सहसा थांबत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर गोष्ट वेगळी.

सोंग घेणारे आणखीही आहेत. फिट येऊन गेल्यावर तोच हात काही तास लुळा राहतो. मायग्रेनमध्ये मुंग्या आणि बोलण्यातली अडखळ बोटांपासून तोंडापर्यंत मिनिटामिनिटाने सरकत जाते. स्ट्रोक असा सरकत नाही, तो एकदम कोसळतो. चेहऱ्याच्या नसेचा पक्षाघात झाला तर कपाळालाही आठी पडत नाही, स्ट्रोकमध्ये कपाळ बहुधा वाचतं. स्कॅनकडे जाता जाता हे सगळं बघून होतं. व्हायला हवं.

निमित्तमात्र | मंगळवार, सकाळी १०:३५

आमच्या सासऱ्यांच्या बाबतीत उलटं झालं. चार दिवस उजवा पाय ओढत होते, सगळे स्ट्रोक स्ट्रोक म्हणत होते. सीटीत कवटीच्या आतून चिकटलेलं जुनं रक्त निघालं, सबड्युरल. महिन्यापूर्वी कपाटाच्या दारावर डोकं आपटलं होतं ते कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं. छिद्र पाडून काढलं, आठवड्यात चालायला लागले.

काळापांढरा | मंगळवार, दुपारी १:१५

निमित्तमात्र, तुमच्या सासऱ्यांचं नशीब चांगलं. सबड्युरलचं रक्त ताजं असताना पांढरं, जुनं झाल्यावर काळं दिसतं. अधल्यामधल्या एक-दोन आठवड्यांत ते मेंदूच्याच रंगाचं होतं आणि डोळ्यांदेखत लपून बसतं. मेंदूच्या घड्या कवटीपर्यंत पोचताहेत की अलीकडेच थांबताहेत, हे बघूनच ते पकडावं लागतं.

एमआरआयला काय दिसतं ते सांगायचं राहिलं होतं. रक्त थांबलं की पेशींतले पंप काही मिनिटांत बंद पडतात. बाहेरचं सोडियम आत, त्यामागून पाणी आत, पेशी फुगतात. दोन पेशींच्या मधली जागा चिंचोळी होते आणि एरवी तिथे मोकळं फिरणारं पाणी कोंडतं. डिफ्युजन नावाचा सीक्वेन्स (एमआरआयचा एक प्रकारचा फोटो) ही पाण्याची हालचालच मोजतो. हालचाल कोंडली की तो भाग दिव्यासारखा पेटतो, आणि जोडीच्या एडीसी नकाशावर तोच भाग काळा होतो. दोन्ही बघावंच लागतं, कारण जुना घावही डिफ्युजनवर पांढरा दिसून फसवू शकतो. एडीसीवर तो काळा होत नाही. म्हणजे सीटीला पाणी किती साठलं ते दिसतं, डिफ्युजनला पाणी अडल्याचं दिसतं. अडणं आधी होतं, साठणं मागाहून.

शंकासुर | मंगळवार, दुपारी १:४०

हे पटलं. म्हणजे डिफ्युजन काळं तर सुटलो?

काळापांढरा | मंगळवार, दुपारी २:०५

नाही हो. मेंदूच्या मागच्या भागातले, ब्रेनस्टेममधले (मेंदूच्या देठातले) लहान स्ट्रोक पहिल्या दिवशी डिफ्युजनमध्येही निसटतात. अचानक गरगरणं, तोल जाणं, दुहेरी दिसणं एवढंच लक्षण असलेल्यांत हे जास्त. (सीटी तर तिथे फारच कच्चा, कानामागच्या जाड हाडांमुळे चित्रात पट्टे येतात.) अशा वेळी डोळ्यांच्या हालचाली नीट तपासणारा माणूस पहिल्या दिवशी एमआरआयच्या पुढे असू शकतो. आमच्या खात्याला हे ऐकायला आवडत नाही, पण आहे खरं.

उलटही होतं. फिट, खूप खाली गेलेली साखर, मेंदूतला गळू, हेही डिफ्युजनवर पेटतात. म्हणून "उजवा हात, बोलणं, सकाळी सव्वासात" एवढे शब्द जरी फॉर्मवर असले तरी आमचं वाचन सुधारतं. नुसतं "स्ट्रोक?" लिहून येतं तेव्हा चिडचिड होते.

वळणरस्ता | मंगळवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली. रागही बराच उतरला.

रात्रपाळी, बाबा रात्री साडेदहाला झोपले. सकाळी उठून तोंड धुवून आले आणि थेट बटणांशी झटापट. उठतानाच हात तसा होता का ते त्यांना नीट सांगता येत नाही. हॉस्पिटलात मला "शेवटचं ठीक कधी पाहिलं" विचारलं होतं, मी साडेदहाच सांगितलं.

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ११:२०

मग तिथे गाठ बसली. साडेदहा ते सव्वाआठ म्हणजे पावणेदहा तास. इंजेक्शनची साधारण मर्यादा साडेचार तास. १९९५च्या अमेरिकेतल्या एनआयएनडीएस चाचणीने तीन तासांपर्यंत फायदा दाखवला, २००८मध्ये युरोपातल्या एका चाचणीने ती साडेचारपर्यंत नेली. त्यापुढे सरसकट दिलं तर फायदा आटतो, रक्तस्रावाचा धोका राहतो. "वेळ गेली"चा अर्थ तो.

पण झोपेतून उठून लक्षणं दिसलेल्यांसाठी अलीकडे घड्याळाऐवजी स्कॅनला वेळ विचारतात. डिफ्युजन मिनिटांत पेटतं, फ्लेअर नावाच्या दुसऱ्या सीक्वेन्सवर तोच घाव उमटायला काही तास जातात. डिफ्युजनवर आहे आणि फ्लेअरवर नाही, म्हणजे घाव बहुधा साडेचार तासांच्या आतला. २०१८मध्ये वेक-अप नावाच्या चाचणीत असे पेशंट निवडून इंजेक्शन दिलं, आणि न दिलेल्यांपेक्षा ते जास्त संख्येने सावरले. रक्तस्राव थोडे जास्त झाले, तेही खरं. त्याच वर्षी डॉन आणि डिफ्यूज-३ या चाचण्यांनी मोठी रक्तवाहिनी बंद असलेल्यांत, किती भाग मेला आणि किती अर्धमेला पण वाचवण्याजोगा आहे हे पर्फ्युजन (कुठे किती रक्त पोचतंय ते दाखवणारा स्कॅन) किंवा डिफ्युजनवर बघून, तारेने गुठळी ओढून काढायची मुदत अनुक्रमे २४ आणि १६ तासांपर्यंत नेली. बाबांचा अँजिओ केला तो यासाठीच. मोठी वाहिनी उघडी होती म्हणून तो मार्ग नव्हता.

त्यामुळे तुमचा "आधी एमआरआयच का नाही" हा प्रश्न तुमच्या केसपुरता अगदीच चुकीचा नाही. बुधवारी आठ वाजता एमआरआय मोकळा असता, आणि फ्लेअर कोरा निघाला असता, तर इंजेक्शनचा विचार करता आला असता. लिहिता हात म्हणजे किरकोळ नव्हे. सगळीकडे ही सोय त्या घाईत होत नाही. तिथे त्या वेळी काय अडलं ते मला इथून कळणार नाही, विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

शंकासुर | बुधवार, सकाळी ७:३०

एक राहिलंच. अँजिओचा डाय किडनीला वाईट म्हणतात, तरी क्रिएटिनिनचा रिपोर्ट न बघता टोचतात का?

गॅन्ट्री | बुधवार, सकाळी ८:१२

मोठ्या गुठळीचा संशय असेल तर थांबत नाही. डायलिसिस, पूर्वीची डायची ॲलर्जी एवढं विचारून घेतो. मेंदूचा हिशोब मिनिटांचा, किडनीला नंतर सलाइन देऊन सांभाळता येतं. साध्या सीटीच्या रेडिएशनचंही विचाराल म्हणून सांगतो: साधारण दोन मिलीसिव्हर्ट, निसर्गातून वर्षभरात अंगावर येतं त्याच्या आसपास.

वळणरस्ता | बुधवार, रात्री १०:१५

काल रात्री रात्रपाळींचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती मध्येच म्हणाली, "साडेदहा कसं? पाचला उठले होते की ते."

पाचला बाथरूमला गेले होते. येताना तिला म्हणाले, गीझर चालू राहिलाय, आणि स्वतःच उजव्या हाताने बटण बंद केलं. बोलणं स्वच्छ होतं. बटण तिच्या डोक्याच्या वर आहे, तिचा हात पुरत नाही, म्हणून तिला पक्कं आठवतं.

पाच ते सव्वाआठ, सव्वातीन तास.

त्या दिवशी ती वेटिंग हॉलमध्ये बाबांचे चपला-चष्मा घेऊन बसली होती. डॉक्टरांनी मला विचारलं, मी उत्तर दिलं. तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

रात्रपाळी | गुरुवार, पहाटे ४:०२

वाचलं. तुमच्या जागी बहुतेक मुलांनी साडेदहाच सांगितलं असतं. रात्री बाथरूमला उठले होते का, फोन केला होता का, दार कुणी उघडलं, हे खोदून विचारायचं काम आमचं आहे, तुमचं नाही. आणि दिलं असतं तरी आज सही जमलीच असती असंही नाही, इंजेक्शन घेतलेले सगळे पूर्ण सावरत नाहीत.

बोटांचे व्यायाम सुरू केलेत ना? पहिले तीन महिने सोडू नका. बटणांवरच करा.

वळणरस्ता | गुरुवार, सकाळी ७:४०

करतोय. जुना शर्ट घेतलाय. आज चौथ्यापर्यंत गेले.